थंडीत बसवलेलं माप

इसाकभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलीच्या दुबई मरिनातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत आमसुलं उलटी करत होतो. या टॉवरमध्ये बाल्कनीत काहीही वाळत घालायला बंदी आहे. सिक्युरिटीवाला दोनदा येऊन तसं सांगून गेला आणि दोन्ही वेळा मी त्याला माझं वय सांगून परत पाठवलं. जुलैची दुपार होती, रेलिंगला हात लावला तर चटका बसत होता. माझी मुलगी नसीम फोन हातात घेऊन दारात आली आणि नुसतीच उभी राहिली. मला वाटलं, गावाकडून कुणाचं काही... "अब्बा, अबू धाबीहून फारूकचा फोन होता," ती म्हणाली. फारूक म्हणजे इसाकभाईंचा मुलगा. नव्वदी ओलांडलेला माणूस झोपेत गेला की लोक म्हणतात, हाल झाले नाहीत, चांगलं झालं. मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते वेगळंच. साठ वर्षं जे त्यांना सांगायचं होतं, ते आता राहून गेलं.

असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजानंतर त्यांना माती दिली. मीही तीन मुठी लोटल्या. त्याला आज पाच आठवडे झाले. एवढ्या दिवसांत मी कुणाशी त्यांच्याबद्दल धड बोललो नाही, म्हणून नसीमच म्हणाली, "अब्बा, लिहून काढा, नाहीतर तुमचंच ब्लड प्रेशर वाढेल." म्हणून हे लिहितो आहे. थोडंसं त्यांच्यासाठी आणि बरंचसं माझ्यासाठी.

इसाकभाई माझे रक्ताचे कुणी नव्हते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीच्या अलीकडच्या काठावर आमचं गाव, पलीकडच्या काठावर त्यांचं. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे. मी मॅट्रिक होऊन घरी माशा मारत बसलो होतो तेव्हा ते दुबईत स्थिरावले होते. एकदा ते गावी आले असताना माझी आई तरीतून पलीकडे गेली आणि त्यांना म्हणाली, "माझ्या करीमला तुझ्यासंगती ने रे बाबा. इंग्रजी वाचतो तो." या एका वाक्यावर माझं पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं. आगबोटीने आम्ही दोघं आलो. साठ सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. आज जिथे रस्त्यांचे पाच पाच पदर आहेत तिथे नुसती वाळू होती, प्यायचं पाणी गाढवावरून यायचं आणि बाजारात चक्क रुपये चालायचे. नातवंडांना हे सांगितलं की ती एकमेकांकडे बघून हसतात. मला एका माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात कारकुनी मिळाली आणि राहायला दुबईच्या देरा भागातल्या बाजारात, इसाकभाईंच्या दुकानामागची खोली.

दुकान कसलं, एक लाकडी बाकडं, एक पत्र्याचं कपाट आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या बंदुका. मुंबईत ते बंदुकांच्या एका जुन्या दुकानात कारागीर होते, तोच धंदा त्यांनी इथे मांडला. त्या काळी इथल्या आतल्या भागातल्या बहुतेक घरांत एक तरी रायफल असे, कुणाच्या आजाने कमावलेली, कुणाच्या बापाने मरताना दिलेली. लांडगा शेळ्यांवर येई, लग्नात बार काढावे लागत, आणि काही नाही तरी खांद्याला रायफल असल्याशिवाय पुरुष चारचौघांत बसत नसे. रायफली होत्या, पण नवी काडतुसं मिळायची मारामार. म्हणून लोक झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी फेकत नसत. कापडात बांधून इसाकभाईंकडे आणत. ते तिच्या बुडाची, ठिणगी पाडणारी जळकी टोपी काढून नवी बसवत, आत मोजून दारू घालत, तोंडावर नवी गोळी बसवत आणि काडतूस पुन्हा जिवंत करत.

यातलं गोळी बसवणं, टोपी बसवणं हे हाताचं कसब झालं, ते कुणीही शिकेल. अवघड होतं ते दारूचं माप बसवणं. दारू कमी पडली तर गोळी नीट जात नाही, जास्त झाली तर रायफल मारणाऱ्यावरच उलटते, आणि प्रत्येक डब्यातल्या दारूचा स्वभाव निराळा. म्हणून नवा डबा फोडला की इसाकभाई जुनं सगळं विसरून पहिल्यापासून सुरुवात करत. पुस्तकात दिलेल्या मापाच्या कितीतरी खालून. सोनाराच्या काट्यावर दारू तोलून एका मापाची पाच काडतुसं, मग केसभर वाढवून पुढची पाच, मग पुन्हा केसभर. शहराबाहेरच्या वाळूत लॉरीच्या जुन्या टायरला रायफल बांधायची, चापाला लांब दोरी लावायची आणि रेती भरलेल्या पिंपामागे बसून ती ओढायची. प्रत्येक बारानंतर उठून जायचं, नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट एका बोटाने उघडतो का बघायचं, टोपीची कड गोल राहिली की चपटी झाली ते भिंगातून बघायचं. बोल्ट जरासा जड लागला, म्हणजे आत दाब वाढला, की संपलं, "खलास," म्हणायचे ते. त्याच्या पुढे एक दाणा जायचं नाही, उलट दोन पायऱ्या मागे यायचं आणि तिथे माप ठरवायचं. "पहिल्या कुरकुरीला थांबायचं," असं ते मला सांगत. आणि हे सगळं करताना दुसरं काही बोलायचं नाही, ही त्यांची सक्त ताकीद. एकदा मी मधेच गावच्या एका लग्नाची भानगड सांगायला लागलो, तर त्यांनी तोललेली सगळी दारू परत डब्यात ओतली आणि शांतपणे म्हणाले, "तुझं होऊ दे आधी."

ते पुस्तक त्यांच्या मुंबईच्या जुन्या शेठने आगबोटीवरच्या एका खलाशाबरोबर पाठवलं होतं. तपकिरी कव्हराचं, पातळसं, इंग्रजी. इसाकभाई मराठी चौथी शिकलेले. अक्षर मोत्यासारखं, पण इंग्रजीतला फक्त आकडा ओळखीचा. त्यामुळे संध्याकाळी ऑफिस सुटलं की मी ते पुस्तक मोठ्याने वाचायचं, आधी इंग्रजीत आणि मग मराठी करून, आणि त्यांनी ऐकायचं, हा आमचा रिवाज पडला. मी एक ओळ वाचली की ते डोळे मिटून घेत, मनातल्या मनात ती पूर्ण बसली की म्हणत, "हां, पुढे." ते "हां, पुढे" ऐकायला मला इतकं आवडायचं! ऑफिसात मला कुणी विचारत नव्हतं. तिथला साहेब मला "यल्ला, यल्ला", म्हणजे चल, आटप, एवढ्या एकाच नावाने हाक मारायचा. इथे मात्र बंदुकीतला उस्ताद माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. मी स्वतःला मोठा विद्वान समजायला लागलो होतो, खोटं कशाला सांगू.

त्या चार-पाच वर्षांत रमजान ऐन थंडीत येत असे. अशाच एका रमजानात दारूचा नवा डबा आला होता आणि आम्ही पुस्तकातलं त्या जातीच्या दारूचं पान काढून बसलो होतो. मगरिबला थोडाच वेळ राहिला होता. पुढ्यात खजूर, पाण्याची सुरई, इसाकभाईंनी स्वतः केलेली भजी. मी तक्ता वाचला, आकडे त्यांनी आपल्या अक्षरात उतरवून घेतले. पानाच्या तळाला बारीक अक्षरांत एक टीप होती. त्यातले दोन शब्द मला येत नव्हते. पण उन्हाळ्याबद्दल आहे, थंडीत बसवलेल्या मापाबद्दल आहे, एवढं मला कळलं. नेमकं काय, ते सांगायचं तर "हे दोन शब्द मला येत नाहीत" असं म्हणावं लागलं असतं, आणि ते माझ्या जिभेवर येईना. तेवढ्यात अजान झाली. इसाकभाईंनी विचारलं, "झालं पान?" मी म्हणालो, "झालं." आणि खजूर तोंडात टाकला.

उद्या ऑफिसातल्या कुणाला तरी त्या शब्दांचा अर्थ विचारू, मग सांगू, असं मी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी विचारायला लाज वाटली. तिसऱ्या दिवशी विसरलो.

ते माप इसाकभाईंनी पुढच्या आठवड्यात बसवलं. पहाटे सहेरी झाली, नमाज झाली की आम्ही वाळूत जायचो. अंगावर घोंगडी घ्यावी लागे एवढी थंडी. त्यांनी कुठेही घाई केली नाही, एकही पायरी गाळली नाही, आणि बोल्ट जड लागल्यावर दोनऐवजी तीन पायऱ्या मागे आले. या मापाची पहिली काडतुसं घेतली सालेमने. सालेम हा आतल्या वाळवंटातला बदू, माझ्याच वयाचा, एका जुनाट लँड रोव्हरवर ड्रायव्हर. रोज काहीतरी कारण काढून दुकानात यायचा, बाकड्यावर मांडी ठोकून बसायचा आणि इसाकभाईंच्या हातचा चहा प्यायचा. त्याच्याकडे आजोबांची इंग्लिश रायफल होती, तिच्यावर त्याचा बायकोपेक्षा जास्त जीव, असं आम्ही चिडवायचो. काडतुसं देताना इसाकभाईंनी त्याला बजावलं, "सालेम, इसको पानी, हवा, ओल कुछ नहीं लगना चाहिए. धूप में रखना. एकदम सूखा." हे त्यांनी कोकणातून आणलेलं शहाणपण होतं. आमच्याकडे चार महिने सगळ्याला बुरशी धरते. त्यांचे वडील रानडुकराच्या शिकारीला जात, तेव्हा दारूचा नळा उबेच्या कोनाड्यात ठेवत आणि जरा ऊन पडलं की काडतुसं अंगणात सुपात घालून वाळवत. ओल म्हणजे दारूचा वैरी, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर शिकवलेलं. उन्हाची भीती आम्हाला कुणी घातलीच नव्हती.

मग उन्हाळा आला, जुलै महिना होता. खजूर पिकला की शहरातली माणसं आतल्या बागांकडे जात, आणि तिथेच लग्नंही उरकत. सालेमच्या बहिणीचं लग्न होतं. आम्हालाही बोलावणं होतं, पण ऑफिसातून सुटी मिळाली नाही म्हणून मी गेलो नाही आणि मी नाही म्हणून इसाकभाईही राहिले. तीन दिवसांनी सालेमचा चुलतभाऊ दुकानात आला. त्याने कापडाचं गाठोडं बाकड्यावर ठेवलं आणि सोडलं. आत ती इंग्लिश रायफल होती, बोल्टजवळ फुटलेली, दस्त्याच्या चिरफळ्या झालेल्या, आणि उरलेली काडतुसं. नवरदेवाच्या स्वागताला सगळे ओळीने बार काढत होते. सालेमचे दोन बार नीट गेले. तिसऱ्याला आग मागच्या बाजूने आली. उजवा डोळा जागच्या जागी गेला होता...

इसाकभाईंनी सोनाराचा काटा पुढ्यात ओढला. त्यांनी उरलेली काडतुसं एकेक करून उघडली आणि आतली दारू काट्यावर तोलली. अकरा काडतुसं. प्रत्येकातलं माप केसभरही चुकलेलं नव्हतं. शेवटच्या काडतुसाची दारू पारड्यात होती, काटा मधोमध उभा होता, आणि त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "माप बरोबर आहे रे करीम. मग झालं कसं?" मला त्या क्षणी पानाच्या तळाची ती टीप लख्ख दिसली. जणू कुणी डोळ्यांपुढे धरली होती. ते म्हणाले, "पुस्तकात बघ बरं, काही राहिलंय का आपलं." मी कपाटातून पुस्तक काढलं. ते पान उघडलं. टीप तिथेच होती. मी म्हणालो, "नाही. काही नाही."

का म्हणालो? या प्रश्नाला साठ वर्षांत मी पुष्कळ उत्तरं देऊन पाहिली. सालेमची माणसं काय करतील याची भीती होती. मला परत गावी धाडतील ही भीती होती. पण खरं सांगायचं तर मला त्या माणसाच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. एका पोराचा डोळा गेला होता आणि मला माझ्या विद्वत्तेची पडली होती.

मग त्या चुलतभावाच्या बोलण्यातून निघालं की काडतुसांचा पट्टा दिवसभर लँड रोव्हरच्या बॉनेटवर होता. उस्तादने सांगितलं होतं ना, धूप में रखना. इसाकभाई ते ऐकून उठले, आत गेले आणि कितीतरी वेळ बाहेर आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, मला सुटी. भर दुपारी बाराला त्यांनी लॉरी ठरवली. त्याच मापाची काडतुसं नव्याने भरून घेतली होती. अर्धी ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवली, अर्धी बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याच्या झाकणावर मांडून उन्हात. एक तास आम्ही पिंपामागे बसलो. घाम येऊन तिथेच वाळत होता. मी त्यांना म्हणत होतो, "लांब बसा, आणखी लांब बसा," आणि त्यांना वाटत होतं मी काळजीने बोलतोय. सावलीतल्या काडतुसांना बोल्ट एका बोटाने उघडला. उन्हातल्या पहिल्याच काडतुसाला तो हातोडीनेही उघडेना. इसाकभाई वाळूत गुडघ्यांवर बसले. झाकण हातात धरवत नव्हतं इतकं तापलं होतं, तरी ते त्यांनी धरून ठेवलं. "ऊन," ते म्हणाले. "मीच त्याला सांगितलं उन्हात ठेव. करीम, हे मला कळायला हवं होतं रे." आणि ते रडले. मी त्यांच्या बाजूला उभा होतो, हातभर अंतरावर. तेव्हाही बोललो नाही.

त्याच आठवड्यात ते एकटे आतल्या भागात गेले, सालेमच्या वडिलांपुढे बसले आणि चूक माझी आहे, काय शिक्षा द्यायची ती द्या, म्हणाले. म्हाताऱ्याने त्यांना तीन दिवस ठेवून घेतलं आणि कॉफी पाजून परत पाठवलं. थंडी पडल्यावर सालेम स्वतः दुकानात आला, डोळ्यावर काळी पट्टी बांधून. बाकड्यावर नेहमीसारखी मांडी ठोकली. इसाकभाईंना त्याच्याकडे बघवेना. तोच म्हणाला, "उस्ताद, बंदूक मारने के टाइम एक आँख तो बंद ही करता है ना? मालेश. चाय दो." मालेश म्हणजे जाऊ दे, मनावर घेऊ नका. इसाकभाईंनी चहा केला. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी सालेमच्या दुसऱ्या रायफलीसाठी नवं माप बसवलं, जुलैच्या दुपारी, झाकणावर तापवलेल्या काडतुसांनी, पार तळापासून. त्यानंतर शेवटपर्यंत त्यांनी एकही माप थंडीत बसवलं नाही. बाजारातले लोक हसायचे, हा म्हातारा होण्याआधीच वेडा झाला म्हणायचे.

मग तेल आलं, पैसा आला, तयार काडतुसांची खोकी आली आणि तो धंदाच संपला. इसाकभाई अबू धाबीला गेले, पुढे रुवैसच्या रिफायनरीत फिटर म्हणून लागले. आमिनाभाभी लग्न होऊन आल्या, फारूक झाला. मी दुबईतच राहिलो. पण महिन्या-दोन महिन्यांनी भेट ठरलेली. त्या उन्हाने त्यांच्या बोलण्यातही घर केलं होतं. कुणी नवी गाडी घेतली की विचारायचे, "जुलैत चालवून बघितलीस?" नसीमला स्थळ आलं तेव्हा मी मुलाचं शिक्षण सांगितलं, पगार सांगितला, दिरहममध्ये आणि मग रुपयांत करून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक. तापल्यावर कसा असतो?" जावयाला हे कळलं तेव्हा तो दोन दिवस फुगून बसला होता. आता तोच सगळ्यांना हसून सांगतो.

सांगायचं राहून गेलं असं मी वर लिहिलं. संधी मिळाली नाही असं नाही. शेकडो मिळाल्या. सालेम वारला तेव्हा त्याला माती देऊन आम्ही दोघं एका गाडीतून परत आलो, तीन तास. त्यातला एक तास इसाकभाई त्याच्या डोळ्याबद्दलच बोलत होते, आणि मी खिडकीतून बाहेर बघत होतो. आणि एकदा... ते रिटायर व्हायच्या आसपासची गोष्ट. कंपनीने कामगारांसाठी इंग्रजीचे वर्ग काढले होते, तिथे ते पन्नाशी उलटल्यावर शिकले होते. आता वर्तमानपत्राचे मथळे लावून वाचायचे. एका दुपारी न कळवता माझ्या घरी आले. बसले. मग म्हणाले, "करीम, त्या जुन्या पुस्तकातलं तुला काही आठवतं का रे?" मी म्हणालो, "छे, इसाकभाई. किती वर्षं झाली. एक अक्षर आठवत नाही." त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. "बरं झालं," ते म्हणाले. "चहा टाक." चहा पिऊन, इकडचं तिकडचं बोलून ते गेले. दारापर्यंत पोचवायला गेलो तर माझ्या पाठीवर हात ठेवला. तसं ते कधी करत नसत, म्हणून लक्षात राहिलं.

गेल्या शुक्रवारी फारूकने मला अबू धाबीतल्या खलिफा सिटीला, त्यांच्या घरी बोलावलं. त्यांची खोली आवरायची होती आणि कशाला हात लावावा हे त्याला कळत नव्हतं. खोली तशीच होती, खिडकीशी त्यांची खुर्ची, भिंतीवर खिळ्याला टांगलेलं ते बिस्किटाच्या डब्याचं झाकण, गंजून मधोमध भोक पडलेलं. त्यांची नात झोया कॉलेजात जाते, आजोबांना दादा म्हणते. ती दारात उभी राहून म्हणाली, "दादा नेव्हर लेट एनीवन टच दॅट शेल्फ." त्या फळीवर सोनाराचा काटा होता आणि त्याच्याखाली ते पुस्तक. तपकिरी कव्हर आता काळं पडलं होतं. मी उघडलं तर ते आपोआप त्याच पानावर उघडलं.

तळाच्या टिपेखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती. मला न येणाऱ्या त्या दोन शब्दांच्या डोक्यावर त्यांनी डिक्शनरीत बघून मराठी अर्थ लिहिले होते. आणि समासात, त्या मोत्यासारख्या अक्षरात: "ही टीप करीमच्या नजरेतून सुटली. त्याला सांगू नये. मनाला लावून घेईल."

मी खुर्चीशेजारी, पलंगावर बसलो. फारूकने विचारलं, "चाचा, पाणी आणू?" मी मान डोलावली. मी दोनदा ते पान उघडलं होतं, दोनदा त्यांच्या समोर. दोनदा नजरेतून सुटते का टीप? हे त्यांना कळत नव्हतं असं मी कसं म्हणू? आणि कळत होतं म्हणावं तर त्यांनी पुस्तकाच्या समासात, जिथे कुणी बघणार नाही तिथेसुद्धा मला वाचवून ठेवलं होतं... मी ती वाचली होती, इसाकभाई. मी ती वाचली होती. हे मी तिथे मोठ्याने म्हणालो की मनात, आता आठवत नाही.

फारूक पाणी आणायला गेला. मी चष्मा पुसला, पुस्तक खिडकीच्या उजेडात धरलं आणि रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून ती टीप वाचली. आधी इंग्रजीत. मग मराठीत, त्यांनी लिहिलेले अर्थ घालून, त्या संध्याकाळी वाचायला हवी होती तशी. "थंड हवेत बसवलेलं माप उन्हाळ्यात तसंच वापरू नये. भोवतालची उष्णता वाढली की दाब वाढतो. माप कमी करून ते कडक उन्हाळ्यात पुन्हा पहिल्यापासून तपासावं, आणि भरलेली काडतुसं उन्हात ठेवू नयेत."

"हू आर यू रीडिंग टू?" झोयाने दारातून हळूच विचारलं.

वाचून झाल्यावर मी जुन्या सवयीने थांबलो होतो. डोळे मिटून ते ऐकत, मग एवढा वेळ लागायचाच. मी "हां, पुढे"ची वाट बघत राहिलो. झोया गेली, फारूकने आणलेलं पाणी तसंच राहिलं. शेवटी पुस्तक मिटलं, पण त्या टिपेवरचं बोट काही माझ्याच्याने निघालं नाही.